ढोलकी ऐक
कांदिवलीच्या हॉलमध्ये बाबा फेरात शेवटची जाखडी नाचत होते. पुढच्या वर्षी गुडघे साथ देणार नव्हते. उजेड जेमतेम, आणि फ्लॅश मारला तर नाचणाऱ्यांचे डोळे दिपणार. मी काढलेल्या प्रत्येक फोटोत हलणाऱ्या बाबांच्या जागी नुसता धूर. त्यात शेवटचं कडवं सुरू झालं. माझी वाट लागली होती.

शेजारच्या खुर्चीतला अनोळखी म्हातारा माझ्यावर खेकसला, "नाचणाऱ्याकडे काय बघतोस? ढोलकी ऐक! गिरकी संपली की जोरात थाप पडते. तिथे माणूस क्षणभर थांबतो."

मी कान दिला. तिसऱ्या थापेला बटण दाबलं. बाबा घुंगरांसकट स्पष्ट आले.

मग त्या म्हाताऱ्याचाही एक फोटो काढला. ढोलकी अजून वाजत होती, पण तो तर खुर्चीत बसलेला. घरी येऊन पाहिलं, चेहरा स्पष्ट होता. पायांच्या जागी नुसता धूर.