विहिरीच्या फाटकाचं कुलूप

आबांनी सरदारांच्या वाड्याच्या देवडीबाहेरच जोडे काढले आणि काखेत धरले. मीही काढले. सरदार झोपाळ्यावर बसले होते. आमच्याकडे न बघता म्हणाले, "काय रे, पोराला मुजरा जड झाला म्हणे?"

आबा, माझे वडील, त्यांच्या पागेतले जुने स्वार. "चुकलं त्याचं, सरकार," म्हणाले आणि वाकले.

चूक एवढीच. दसऱ्याला पागेतल्या घरांनी सरदारांना सोनं द्यायला जायचं, मुजरा करायचा, हा रिवाज. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, मी सरकारी कचेरीत कारकून, म्हणून त्या वर्षी गेलो नाही. लगेच पागेच्या विहिरीच्या फाटकाला कुलूप लागलं. सगळी आळी त्याच विहिरीवर. बायका दूरच्या नळावर शिव्या खात रांगेत उभ्या राहू लागल्या.

"सरकार, पाणी..." आबा म्हणाले.

"संस्थान गेलं असेल. विहीर नाही गेली. रोज सकाळी दोघं मुजऱ्याला या. मग बघू."

आबांनी माझा दंड दाबला. मी वाकलो. चाळिशीचा माणूस, पोरांचा बाप, काखेत जोडे. ते वाकणं अजून माझ्या पाठीत आहे.

तिथून थेट आमच्या लष्कर शहरातल्या नई सडकेवरच्या वकिलाकडे गेलो. दाव्याचा मसुदा मीच लिहिला. वकील वाचून हसत सुटला. "भाईसाहब, दावा कर रहे हो या दरबार में अर्ज़ी दे रहे हो?"

प्रतिवादीच्या जागी मी लिहिलं होतं, 'श्रीमंत सरदार सरकार यांचे सेवेशी'.

देवडीत आबांनी दंड दाबला होता. इथे कुणी दाबला होता?

खोडलं. नुसतं नाव लिहिलं. त्यांच्या बापाचं नाव. राहणार लष्कर.

समन्स गेलं तेव्हा आबा म्हणाले, "मीठ खाल्लंय त्यांचं. दावा मागे घे, नाहीतर मला आबा म्हणू नकोस."

मी घेतला नाही. त्यांनी बोलणं सोडलं.

तारखेला कोर्टाच्या शिपायाने वऱ्हांड्यात सरदारांच्या नुसत्या नावाचा पुकारा केला. ते आले. त्यांच्या वकिलाने मला बाजूला घेतलं. "देवडीवर येऊन एकदा मुजरा करा. आजच कुलूप काढतो."

आळीतल्या बायका डोळ्यांपुढे आल्या. माझ्यापायी तहानलेल्या. तरी म्हणालो, "कुलूप कोर्टाच्या हुकमाने काढा. मेहरबानी नको."

दुसऱ्या सकाळी बायकोच्या हातातली घागर मी घेतली आणि नळावर बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. हसल्या. हसू देत. निकाल लागेपर्यंत पाणी मी भरणार. जोडे पायांत घालून.