वाचन उत्तम

कामिनी गिऱ्हेपुंजे मॅडम आमच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाल्या, त्याच दिवशी मी स्टाफरूममध्ये सांगून टाकलं होतं की ही बाई फार दिवस टिकत नाही. सव्वीस वर्षं मास्तरकी केल्यावर माणसाला एवढं कळतं. शाळा कळमन्याच्या बाजाराला लागून, पोरं बहुतेक हमालांची, आणि आधीचे मुख्याध्यापक फक्त सही कुठे करायची तेवढं विचारणारे. सुखाचे दिवस होते.

या बाईंनी पहिल्याच आठवड्यात कुठूनशी एक लाल प्लास्टिकची खुर्ची पैदा केली. ती स्वतः उचलून आणायची, वर्गात मागे ठेवायची आणि तासभर बसून राहायचं. बोलायचं काहीच नाही. त्यापेक्षा चार शब्द रागावल्या असत्या तरी परवडलं असतं! मॅडम कुहीकडच्या, धानाच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. वडील चंपतराव रोज त्यांच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेत आणि पोरगी अडखळली की बातमी पुन्हा पहिल्यापासून. हे त्या कौतुकानं सांगायच्या. आपली आता धडगत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग ते परिपत्रक आलं. परिपत्रकाचं आम्हाला काय नवल! दर दोन वर्षांनी वरचं कोणीतरी शिक्षण सुधारायला घेतं, आम्ही प्रशिक्षणाला जाऊन पोहे खातो, रकाने भरतो, संपलं. या खेपेला रकाने चार होते: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. मूल जिथवर वाचतं तिथे खूण करायची. माझा पाचवीचा वर्ग तिसरीपासून माझ्याकडेच होता. चौतीसच्या चौतीस पोरं मी उताऱ्यात टाकून मोकळा झालो. प्रगतिपत्रकांतही दरवर्षी तेच करत होतो.

मॅडम यादी आणि खुर्ची घेऊन वर्गात आल्या. एकेकाला जवळ घेऊन नवाच उतारा वाचायला लावला. एकोणीस पोरं अक्षरांच्या पुढे सरकली नाहीत.

"मनोहरराव, हेच आकडे वर जातील," त्या म्हणाल्या.

"मॅडम, बाकीच्या शाळा काय खरं लिहून राहिल्या का? आपलाच नंबर शेवटी लागंल."

"लागू द्या."

माझं डोकंच फिरलं. या उद्या बदलून जातील, तोंड आम्हाला दाखवायचंय!

त्यावर पुढचा उपद्व्याप. रोज एक तास इयत्ता विसरायची आणि ज्याला जेवढं वाचता येतं त्या गटात बसायचं. पाचवीतली वैभवी, शाळेतली सगळ्यात उंच मुलगी, दुसरीच्या चिल्ल्यापिल्ल्यांत जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिचा बाप बळीराम बाजारातून तसाच, खांद्यावर दुपट्टा टाकून आला.

"मॅडम, मी संत्र्याची छाटणी करतो. बारीक माल बाजूले टाकला का त्याले कोनी विचारत नाही. माही पोट्टी तुम्ही काहून छाटली? घरी रडून राहिली ते. सोमवारपासून मी तिले संगच नेतो कामाले."

लपवत नाही, मला मनातून बरं वाटलं. आता तरी हे खूळ सुटेल.

"दादा, सोमवारी एकडाव तुम्हीच तिले घेऊन या," मॅडम म्हणाल्या. "मग ठरवा."

सोमवारी पाहतो तर बाईंचं टेबल व्हरांड्यात! अक्षरांचा अख्खा गट मुख्याध्यापिकेच्या ऑफिसात, कूलरसमोर, पाहुण्यांच्या गादीच्या खुर्च्यांवर. शिकवायला स्वतः मॅडम. बळीराम दारात उभा राहून लेकीकडे बराच वेळ पाहत होता. मग एकटाच बाजारात परत गेला.

आणि आमच्या डोक्याला नवा ताप. माझी चांगली वाचणारी पोरं मुद्दाम अडखळायला लागली, मोठ्या मॅडमच्या ऑफिसात बसायला मिळावं म्हणून! तपासणीला आलेल्या साहेबांनी व्हरांड्यात उभ्यानं चहा घेतला. आकड्यांत आम्ही खरंच शेवटी आलो, आणि लेखी खुलासा मागवला गेला. आधीची प्रगतिपत्रकं कोणी भरली, हा त्यात पहिला प्रश्न. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मॅडमनी लिहिलं, जबाबदारी मुख्याध्यापकाची. खाली स्वतःची सही. माझं नाव कुठेच नाही. आभार मानायचे तर जीभ रेटेना, उलट त्यांचाच राग आला.

डिसेंबरात त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. पोरं हाताला लागेल ते वाचत होती, कॅलेंडर, औषधाचा खोका, लग्नाची पत्रिका. वैभवीनं घरून आपलं चौथीचं प्रगतिपत्रक आणलं होतं. त्यावर बोट ठेवून ती वाचत होती.

"वा... च... वाचन. उत्... तम." तिनं मान वर केली. चेहरा फुललेला. मग हळूहळू तिच्या कपाळावर आठी आली. "सर, हे तुमचंच अक्षर हाय ना? पन मले तं तवा वाचताच येत नव्हतं."

सगळा गट माझ्याकडे पाहत होता. मॅडमनी लाल खुर्ची तेवढी माझ्याकडे सरकवली. मी बसलो.

"पुढचं वाच," मी म्हणालो.

तिनं बोट खाली सरकवलं. तिथे माझं नाव होतं.