उजव्या खांद्यावरचा गूळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सभेत हात वर करून बोलणारा मी — पण घरात हा विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठतो. तुम्ही मला ओळखता ते माझ्या पत्रकांमुळं. कौल म्हणजे फसवणूक, असं ठणकावणारं पत्रक माझंच. बेंबळीच्या बाजारात ते मी खड्या आवाजात वाचलं, टाळ्या पडल्या. ही फसवणूक मला इतक्या बारकाईनं कशी ठाऊक, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर?

माझी थोरली बहीण अक्का. रझाकारांच्या धामधुमीत तिचे यजमान, आमचे दाजी, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात जातो म्हणून घरातून निघाले. पुढं निजाम गेला, कॅम्प उठले, बरोबरचे परतले. दाजी आले नाहीत. मेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, जगल्याचं कुणी सांगत नव्हतं. अक्का माहेरी आली आणि दाराकडं तोंड करून जेवू लागली. वर्षं गेली, तिनं पाट फिरवला नाही.

मी खटपट करून धाराशिवला शिक्षिकांच्या ट्रेनिंगमध्ये तिच्यासाठी जागा मिळवली. ती म्हणाली, "म्या शिकाया गेले आन् ते हितं आले, तर?" मग तिनंच तोड काढली. देवीला कौल लावायचा. ती सांगेल तसं करायचं.

आमच्याकडं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवतात आणि प्रश्न विचारून वाट बघतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाईचा कौल असला तर पाकळ्या तिच्या भावानं लावायच्या, अशी रीत. म्हणजे मी. देव न मानणाऱ्यानं तिथंच नाही म्हणायला हवं होतं. दाजी येतील असं मला वाटत नाही, हे तिच्या तोंडावर सांगायला हवं होतं. सांगितलं का? नाही. तिच्या डोळ्यांना मी भ्यालो.

नैवेद्याच्या ताटात गूळ होता. उजवी पाकळी लावताना — सरळच सांगतो — मी अंगठ्यानं तिच्याखाली गूळ फासला. डावी नुसत्या पाण्यावर ठेवली.

अक्कानं विचारलं, "ते येनार हायेत का?"

बराच वेळ काहीच हललं नाही. गुरव डोळे मिटून बसला होता. दोन्ही पाकळ्या अशाच राहाव्यात, आपण सुटावं, असं मला वाटू लागलं. तेवढ्यात देवीच्या उजव्या खांद्याकडं एक मुंगी चढली. मग दुसरी. मग रांगच. अक्का एकटक बघत होती. ती पुढं झाली, पाकळीला धक्का न लावता पदरानं हळूच मुंग्या झटकल्या आणि देवीला म्हणाली, "तुलाबी सुख न्हाय गं बाई."

आणि डावी पडली.

ती रडली नाही. मंगळसूत्र काढून मुठीत धरलं आणि देवीला बोलू लागली, शेजारणीशी भांडावं तशी. "लई वाईट केलंस. तुजं तोंड बघू वाटंना मला. पर तू झुलवत ठेवलं न्हाईस. इचारलं ते खरं सांगितलंस. म्हनून येत जाईन म्या. भांडायला का हुईना, येत जाईन."

बोलायची वेळ ती होती. मी ताट धरून उभा राहिलो.

अक्का शिकली. आज मुरुमच्या शाळेत शिकवते. भलंच झालं की, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण दाजी कुठंतरी जिवंत असतील तर? तर एका जित्या माणसाच्या नावाचं कुंकू मी पुसलं. आणि नसतील, तरी तिचा तो सगळा राग, तो सगळा भरवसा — तो माझ्या खोटेपणावर उभा आहे. ज्या गुरवांना मी पत्रकातून लुच्चे म्हणालो, त्यांतल्या कुणी सख्ख्या बहिणीला असं फसवलं असेल?

एकदा भर दुपारी मी एकटाच देवळात गेलो. अक्का बोलते तसं बोलून बघावं म्हणून. खांबाला टेकून बसलो आणि परत फिरलो. जिच्या तोंडी आपण खोटं घातलं, तिच्यापुढं खरं काय बोलणार?

यंदा दिवाळीच्या सुट्टीत अक्का मला बरोबर घेऊन गेली. देवीला तिनं सगळं सांगितलं. पाठ दुखते, वर्गातल्या पोरी गुणाच्या आहेत, ते अजून सपनात येतात आणि त्याचा मला तुझ्यावर राग आहे. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "ह्यो माजा भाऊ तुला मानत न्हाय. पर खोटं बोलत न्हाय कुनाशी. त्याला संबाळ."

मी तिच्या शेजारी उभा होतो.