पाणी भरायला आलेली बाई

आमचं घर गुरवाचं. चांदवडपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी देवीचं ठाणं आहे. तिथली पूजा चार पिढ्या आमच्याकडे चालत आली. लेकरू किरकिर करतं, खोकतं, दूध पीत नाही म्हणून आया यायच्या आणि मी देवीपुढचा अंगारा लेकराच्या कपाळाला लावायचो. बहुतेक लेकरं दोन-चार दिवसांत हसू-खेळू लागायची. ती देवीची कृपा की आपसूक बरी होणारी दुखणी, हा प्रश्न मला साठी उलटेपर्यंत पडला नव्हता. पडला तो माझ्याच नातीमुळे.

नात दीड महिन्यांची झाली तेव्हा तिला पहिली लस टोचली. संध्याकाळी अंग तापलं, मांडी सुजली, पोर रडून रडून दमली. मला ते पाहवेना. सुनेला म्हणालो, "पुढची सुई राहू दे. देवी बसलीय ना राखायला." ती माझ्यापुढे कधीच बोलत नसे. पुढची वेळ आली तेव्हा आरोग्य केंद्राच्या आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. "आप्पा, ताप उतरतो हो दोन दिवसांत. पण डांग्या खोकला झाला, तर एवढ्याशा लेकराला श्वास पुरत नाही," असं त्यांनी मला समजावलं. मी त्यांना उंबऱ्यावरूनच परत लावलं. त्या दिवसांत मी स्वतः तीन आठवडे खोकत होतो. खोकता खोकता डोळ्यांतून पाणी यायचं. कांद्याच्या चाळीतली धूळ असेल म्हणून मी सोडून दिलं, आणि रोज सांजेला नातीला मांडीवर घेऊन देवीची गाणी म्हणत राहिलो.

तीन महिन्यांची असताना तिचं नाक वाहू लागलं, मग खोकला लागला. मी रोज अंगारा लावत होतो. खोकला वाढतच गेला. एका सकाळी आरती झाल्यावर सून तिला घेऊन धावतच देवळात आली. पोर एका दमात दहा-पंधरा वेळा खोकली, लालबुंद झाली आणि मग आवाजच थांबला. ओठ निळे पडत चालले. अंगाऱ्याची चिमूट माझ्या बोटांत तशीच राहिली. इतकी वर्षं ज्या देवीला हाका मारल्या, तिचं नावही ओठांवर येईना.

कांदे काढायला मजूर घेऊन चाललेली एक पिकअप तेवढ्यात रस्त्याच्या कडेला थांबली होती. त्यातली पेठ तालुक्याकडची एक बाई कॅन घेऊन देवळाच्या नळावर पाणी भरायला आली होती. तिने कॅन तिथंच टाकला, सुनेच्या हातातून पोर घेतली, कुशीवर धरली आणि तोंडावरचा चिकटा पदराने पुसला. पोरीने श्वास ओढला.

"बाबा, ही साधी ढास नाय," ती म्हणाली. "माझं लेकरू असंच निळं व्हायचं. आम्ही भगताकडं नेत बसलो. गेलं ते." मग तिची नजर माझ्या बोटांकडे गेली. "अंगारा लावा, पण गाडीत बसून लावा. चला."

तिने हाक दिली तसे सगळे मजूर खाली उतरून उन्हात उभे राहिले. चालकाने काही न विचारता गाडी वळवली. चांदवडच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दोनदा उबळ आली, आणि दोन्ही वेळा त्या बाईने पोरीला तसंच कुशीवर सावरलं. तिथं ऑक्सिजन लागला, नाशिकला न्यायला रुग्णवाहिका मिळाली. तेवढ्या धावपळीत ती बाई कामावर परत गेली. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कुणाला खोकला आहे का?" सुनेने मान खाली घातली. मी म्हणालो, "मला आहे. महिना उलटून गेला." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मोठ्या माणसाला डांग्या खोकला नुसता खोकला वाटतो. तान्ह्या बाळाच्या तोच जिवावर येतो. आता घरातल्या सगळ्यांनी औषध घ्यायचं." रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

अकरा दिवस पोर तिथं होती. मी बाहेरच्या बाकावर बसून असायचो. देवीपुढे काय मागावं तेच कळत नव्हतं. पोरीला ज्याने दुखणं दिलं, त्यानेच तिच्यासाठी पदर पसरायचा? एका दुपारी मनात आलं, की जन्मभर मी देवीवर भरवसा ठेवला असं समजत होतो. खरं तर मी तिला हुकूमच सोडत आलो होतो. राख, आणि माझ्या पद्धतीने राख. तिने आशाताईंना दोनदा माझ्या दारात पाठवलं असेल, तर मी कुणाला परत लावलं? त्या बाकावर मी पहिल्यांदा काही न मागता हात जोडले.

पोर घरी आली. खोकला पुढे दोन महिने पुरता गेला नाही, पण तिचा जीव वाचला. राहिलेल्या लसी द्यायला मी स्वतः घेऊन गेलो. आशाताईंची माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही आलात ना, झालं."

त्या बाईला मी पुष्कळ शोधलं. कांद्याच्या मोसमात पेठकडच्या टोळ्या आल्या की विचारतो. लोक म्हणतात, देवीच आली होती. मी मान डोलावत नाही. तिच्या हाताला घट्टे होते आणि तिचं एक लेकरू गेलेलं होतं. तिला देवी म्हटलं, तर तिचं ते दुःख मी पुसून टाकीन. तिला वेळेवर माझ्या दारात कुणी आणलं, तेवढं मला ठाऊक आहे. रोजची आरती संपली की मी एक नमस्कार त्या लेकरासाठी करतो, ज्याला मी कधी पाहिलं नाही आणि ज्याच्या आईने माझी नात वाचवली.