सरांचा ळ

आमच्या विज्ञानाच्या सरांनी वडसा गावात जेवढ्या जिभा पाहिल्या, तेवढे चेहरे मी पाहिले नसतील. आम्ही एकाच शाळेत होतो. मी चित्रकला शिकवायचो. माणूस भेटला की लोक रामराम करतात, सर म्हणत, "जीभ बाहेर काढा." मग त्याला भर रस्त्यात कळे, की आपल्या जिभेत स्नायूंच्या आठ जोड्या आहेत. चार बाहेरून आलेल्या. त्या हनुवटीला, गळ्यातल्या हाडाला, कानाखालच्या हाडाला आणि टाळूला धरून जीभ पुढे-मागे, वर-खाली ओढतात. उरलेल्या चार आतल्या. त्या कुठल्याच हाडाला बांधलेल्या नाहीत, जिभेला नुसत्या वळवतात, चपटी करतात, लांबवतात. निवडणुकीत एक उमेदवार शाळेच्या मैदानावर तासभर बोलला आणि मागच्या वेळी कबूल केलेलं सगळं पुन्हा नव्यानं कबूल करून गेला. सर शांतपणे म्हणाले, "आतले चार. हाडाला बांधलेले नाहीत ना." मुलीला पाहायला आलेल्या स्थळालाही त्यांनी पोहे संपायच्या आत जीभ बाहेर काढायला लावली होती. लग्न झालं, पण जावई सासरी आला की अजून तोंड मिटूनच बसतो.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत ळ चा र होतो. शाळेची शारा, डोळ्याचा डोरा. हे सरांना फार लागे. त्यांच्या मते दोष व्यायामाचा होता: जिभेचं टोक मागे वळवणारा वरचा स्नायू आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बसवून खायला घातला. त्यावर उपाय म्हणून त्यांनी अख्ख्या सातवीला महिनाभर जिभेची कवायत करायला लावली. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर चाळीस पोरांनी एकदम जिभा बाहेर काढल्या, त्याचा खुलासा हेडमास्तरांना लेखी द्यावा लागला.

हिवाळ्यात वडशाहून नाटकं गावोगाव जातात. एका वर्षी एका मंडळानं नागपूरहून दिग्दर्शक आणला. त्या नाटकात आईचं काम सुगंधाबाईकडे होतं. बाई जवळच्याच खेड्यातल्या, अशी कामं वर्षानुवर्षं करणाऱ्या. मेलेल्या लेकाचं डोकं मांडीवर घेऊन "बाळा, ऊठ ना रे" म्हणायचं होतं, आणि बाई म्हणत, "बारा". दिग्दर्शक म्हणाला, हिनं बारा म्हटलं की लोक घड्याळ बघतील. पंधरा दिवसांत ळ आला नाही तर काम नागपूरच्या बाईला द्यायचं ठरलं. घर त्या कामावर चालत होतं, म्हणून सुगंधाबाई सरांकडे आल्या.

सरांना तर सणच झाला. गुळाचा खडा टाळूला मागच्या बाजूला चिकटवायचा आणि जिभेचं टोक उलटं वळवून तो चाटून काढायचा, असा सकाळ-संध्याकाळ रियाज. सर स्वतः बॅटरी घेऊन तोंडात पाहत आणि वहीत जिभेच्या आकृत्या काढत. त्यातल्या बऱ्याच मीच सुधारून दिल्या. आठव्या दिवशी बाई म्हणाल्या, "सर, तुमचा तो र यायच्या आंधी मले शुगर होईल." पण बाराव्या दिवशी ळ आला. खणखणीत. सरांनी पेढे वाटले.

रंगीत तालीम दुपारी राइस मिलच्या शेडमध्ये झाली. मिलमधल्या बाया काम टाकून दाराशी उभ्या राहिल्या. पहिल्या अंकात सुगंधाबाईंचा एकही ळ चुकला नाही. दिग्दर्शक मान डोलवत होता आणि सर त्याच्याकडे बघून डोलत होते. दाराशी उभ्या एका बाईनं मला हळूच विचारलं, "हे बाई बाहेरची आणली का, भाऊ?"

मग तो प्रवेश आला. बाईंनी लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. "बाळा," म्हणाल्या. थांबल्या. पुन्हा "बाळा" म्हणाल्या, आणि पुढचं काही येईना. मग त्याच्या केसांतून हात फिरवत त्या एकदम म्हणाल्या, "बारा, ऊठ ना रे. ऊठ ना माह्या बारा." दाराशी सगळ्या बायांचे पदर डोळ्यांना गेले. दिग्दर्शक म्हणाला, हे असंच ठेवा.

सर खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, पंधरा दिवसांची मेहनत वाया गेली म्हणून. परतताना मी समजूत घातली, की पहिल्या अंकातला ळ तर तुमचाच होता. रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे आम्ही सायकली धरून उभे राहिलो. एरवी पुस्तकातल्यासारखं बोलणारे सर रुळांकडे बघत म्हणाले, "कॉलेजातून आलो तवा मी मायले टोकलं होतं. म्हटलं, बारा नाई, बाळा म्हणत जा. तिनं दोन-तीनदा म्हणून पाह्यलं. मंग सोडून देलं."

मालगाडी गेली. फाटक उघडलं, तरी सर जागचे हलले नाहीत.

"तवापासून मले नावानंच हाक मारे."