वारा शून्य, दिशा वायव्य

आधीच सांगतो, भूत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. आजही नाही. खाली कॉमेंटमध्ये ‘सेन्सर बिघडला असेल’ असं कुणी लिहिणार असेल तर खुशाल लिहा... पहिले कितीतरी दिवस मीही हेच म्हणत होतो.

आमचं घर चुडाव्याला, पूर्णा तालुक्यात. गच्चीवर उभं राहिलं की स्टेशन दिसतं. मी नांदेडला नोकरीला, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. घरात मी, बायको सुनंदा आणि माझे वडील. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

मला हवामानाचं वेड आहे. घरी वेदर स्टेशन बसवायचं म्हणून मी वर्षभर नुसते व्हिडिओ बघत होतो. स्वस्तातली यंत्रं फक्त तापमान आणि दमटपणा दाखवतात. मला वारा हवा होता, म्हणजे वेग मोजणाऱ्या तीन वाट्या, दिशा सांगणारा बाण, पाऊस मोजायचं भांडं आणि आकडे दाखवणारा डिस्प्ले खाली हॉलमध्ये. सुनंदा वैतागून म्हणायची, “मला बघायला एकदाच आलता, अन् ह्या डब्याला वरीसभर बघायलात!” शेवटी घेतलंच.

खरं तर ते अण्णांसाठी होतं. जन्मभर शेती केलेला माणूस, पण अलीकडे विसरायला लागले होते. मला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारायचे. जेवल्यावर परत ताट मागायचे. एक गोष्ट मात्र विसरली नव्हती. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न — “वारा कुन्या अंगानं हाय रे?” मी डिस्प्ले बघून सांगायचो. मग त्यांचा चेहरा असा निवांत व्हायचा, की मलाच बरं वाटायचं.

बसवताना यंत्रावरची उत्तरेची खूण बरोबर उत्तरेला लावावी लागते. स्लॅबमधल्या सळयांमुळे असेल, माझ्या मोबाइलचा कंपास गच्चीवर भरकटत होता. अण्णा शेजारी उभे. म्हणाले, “उत्तर कशाला मोबाइलला इचारायलास? मारुतीचं तोंड दक्षिणंला, देवळाची पाठ उत्तरंला. लेकराला बी ठावं हाय.” खरंच की! आमच्याकडे बहुतेक गावांत मारुती दक्षिणेकडेच बघत असतो. गच्चीवरून देऊळ दिसत होतं. त्याची पाठ ज्या दिशेला, त्या दिशेला खूण धरली आणि स्क्रू आवळले.

त्यानंतर पंधरवड्याच्या आत अण्णा गेले. म्हणजे वारले नाहीत... निघून गेले. मी नांदेडला होतो, सुनंदा दळण घेऊन गिरणीत. ती परत आली तर दार उघडं आणि खाट रिकामी. शेत, विहीर, स्टेशन, पाहुण्यारावळ्यांची गावं, सगळं पालथं घातलं. पोलिसात तक्रार दिली. त्यांचा फोटो मोबाइलवर किती जणांना पाठवला त्याला हिशेब नाही.

त्याच संध्याकाळी हॉलमध्ये बसलो असताना डिस्प्लेकडे लक्ष गेलं. वारा शून्य, दिशा पश्चिम. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, अंगणातला लिंब हलत होता, वेगाचा आकडाही वाढला, तरी दिशा पश्चिमच! बाण अडकला असेल म्हणून सेल बदलले, यंत्र बंद करून चालू केलं. तरी पश्चिमच.

सुनंदा हळूच म्हणाली, “ते अण्णांकडं बघायलंय.”

मी तिच्यावर खेकसलो. पण माणूस हवालदिल झाला की काहीही करतो. मी मोबाइलच्या नकाशावर घरापासून पश्चिमेला रेघ ओढली. ती रेघ पाथरीकडे जात होती. पाथरीला येणाऱ्या भाविकांमध्ये कुणी हरवलेला म्हातारा सहज खपून जाईल, असं मनाला पटवलं आणि निघालो. एसटी स्टँड, जीपचा अड्डा, देवळांच्या पायऱ्या... पांढरी टोपी दिसली की धावत जायचो. चेहरा दुसराच निघायचा. असे कितीतरी दिवस गेले.

एका सकाळी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला गेलो. इतके दिवस मी हॉलमधल्या डब्याकडेच बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्यक्ष बाणाकडे बघितलं. त्याचं टोक गावाच्या पाण्याच्या टाकीवर रोखलेलं होतं. आणि नकाशावर टाकी पश्चिमेला नव्हतीच, ती वायव्येला होती.

तसाच मारुतीच्या देवळात गेलो. जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्ती हलवायची नाही म्हणून ती जागेवर दक्षिणेकडे तोंड करूनच ठेवली होती, पण नव्या भिंती रस्त्याला धरून तिरक्या घेतल्या होत्या. आत आता मारुती कोपऱ्याकडे बघतोय. रोज पाया पडणाऱ्या आमच्यापैकी कुणाच्या हे ध्यानातही आलं नव्हतं. अण्णांनी भिंत बघून उत्तर सांगितली होती. मी पाथरी पालथी घालत होतो आणि अण्णा भलत्याच दिशेला होते.

नकाशा बघून खूण नीट उत्तरेला, म्हणजे स्टेशनच्या बाजूला फिरवली. डिस्प्ले म्हणाला, वारा शून्य, दिशा वायव्य. नवी रेघ जिंतूरच्या बाजूनं येलदरीच्या धरणापर्यंत गेली.

दुपारी येलदरीला पोचलो. धरणाच्या काठावर एक मासेमार जाळ्याचा गुंता सोडवत बसला होता. मी मोबाइलवरचा फोटो दाखवायच्या आतच, नुसतं ‘म्हातारं माणूस’ म्हटल्यावर तो म्हणाला, “वारा कुन्या अंगानं हाय म्हून इचारणारं म्हातारं का? व्हतं की! लय दिस हितंच बसायलतं. आमीच भाकर द्यायचो.”

कसंबसं विचारलं, “कुठंय?”

“आज सकाळी जीपमदी बसून गेलं. घरी जायचंय म्हनायलतं, पर गाव कुन्तं ते सांगता येईना. रेल्वेचं ठेसन हाय गावाला, एवडंच म्हनलं. मंग जीपवाल्याला सांगितलं, परभणीच्या ठेसनावर सोड बाबा.”

मी तिथंच उभा असताना फोन वाजला. सुनंदा.

“आवं... बाण फिरायलाय. वारं तर इतकुसं न्हाई!”

“कुठं फिरतोय?”

“पश्चिमेला आलाय... वायव्य... आता उत्तर. उत्तरंला थांबलाय बघा.”

उत्तरेला काय आहे, हे माझ्या डोक्यात यायच्या आत फोनमधून गाडीचा हॉर्न ऐकू आला.

“सुनंदा, स्टेशन! पळ! अण्णा गाडीत आहेत!”

फोन चालूच होता. तिच्या पळण्याचा, धापांचा आवाज, मग “थांबवा, गाडी थांबवा” असं ओरडणं... आणि निघालेल्या गाडीचा खडखडाट. मी धरणाच्या काठावर फोन कानाला दाबून उभा. मी काय करू शकत होतो? काहीही नाही.

रडत रडत ती म्हणाली, “गेली वो...”

गाडी आमच्या गावात थांबली होती. अण्णा त्यात असतील तर खिडकीतून घराची गच्चीही दिसली असेल. त्यांना फक्त ते आपलं गाव आहे हे कुणी सांगितलं नाही.

नांदेड स्टेशनवर विचारलं, त्यापुढच्या स्टेशनांवरही विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. बाण काही दिवस पूर्वेला रोखलेला राहिला. मग एका सकाळी बघितलं तर तो वाऱ्याबरोबर हलत होता, साध्या यंत्रासारखा. आजही तसाच हलतो. याचा अर्थ काय, हे कृपा करून मला विचारू नका. वेदर स्टेशन विकणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, लोहचुंबकाचा दोष असतो कधीकधी. असेल.

मी अजून त्याच गाडीनं जातो-येतो. चुडावा आलं की दारात उभा राहतो आणि मोठ्यानं गावाचं नाव घेतो. लोक बघतात, बघू देत. सकाळी उठल्यावर रिकाम्या खाटेजवळ जाऊन वारा कुठल्या अंगानं आहे तेही सांगतो.