मांजरेपलीकडचं ‘चालू’

सहल हा प्रकार आमच्या घरात नव्हता. आई गावाबाहेर गेली ती लग्नाला, मयतीला, दवाखान्याला आणि अलीकडे माझ्यामुळे मोर्च्याला. त्यामुळे डिसेंबरात एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आपल्याला तेलंगणात जायचंय, नाताळच्या बाजाराला," तेव्हा मी आधी विचारलं, "कोण वारलं?"

कुणी वारलं नव्हतं. शेजारच्या सिस्टरचा तारा मोडला होता.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. मूळची पलीकडची, तेलुगू. लग्न होऊन नांदेडला आली आणि आमच्याहून चांगलं मराठी बोलायला लागली. अर्धी गल्ली तिच्या हातावर जन्मली, मीसुद्धा. दर डिसेंबरात तिच्या दारावर तारा लागायचा. बांबूच्या कामट्यांचा, पांढऱ्या पतंगी कागदाचा, खाली हातभर शेपटी. तिच्या मालकांनी तो तिच्या माहेरच्या बाजारातून आणला होता आणि दरवर्षी ते त्याचा कागद बदलायचे. आता मालक नाहीत. लेक बंगळूरला. आणि माळ्यावर उंदरांनी कामट्या कुरतडून ठेवलेल्या.

"जाऊ दे यंदा," सिस्टर म्हणाली. "कोण बघतंय?"

आईला हे लागलं. "कोण बघतंय म्हंजे? आम्ही काय आंधळे हाव? चोवीस तारखेला दिवेलागणीला तुमच्या दारात तारा लागंल. न्हाई लागला तर मला हाक मारू नका."

मी म्हटलं, इथेच वजिराबादच्या बाजारात मिळतात की तारे, प्लास्टिकचे, घडी घालायचे. आई म्हणाली, "त्याला शेपटी असती का?" संपला विषय.

मला बाजाराचा राग आहे हे सांगून टाकते. सणांचा बाजार कसा झाला यावर मी दोन पत्रकं लिहिली आहेत आणि त्यातलं दर दुसरं वाक्य उद्गारचिन्हाने संपतं. चोवीस तारखेला पहाटे निघालो तेव्हाही माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. विषय ताजा: बसस्थानकावर बायकांच्या संडासाला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. बायांनी प्रवास करावा म्हणून तिकीट अर्धं केलं, पण बाईला पोटाखाली काही असतं हे ठरवणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही! बिलोलीपर्यंत मी अख्ख्या गाडीला पत्रकं वाटली. आई खिडकीला डोकं लावून म्हणाली, "एक दिवस तरी गप बस गं बाई."

मांजरेचा पूल ओलांडला आणि पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. अलीकडे आई अर्ध्या तिकिटाची सन्माननीय महिला होती, पलीकडे पूर्ण तिकिटाची परकी. तिकडच्या बायका त्यांच्या कार्डावर फुकट. आमचं कार्ड इकडचं. मी वहीत टिपून घेतलं. आई मात्र खूश होती. "परदेशात आल्यावानी वाटून राहिलं," ती म्हणाली, आणि धपाट्याचा डबा उघडला.

बोधनच्या पुढचं सिस्टरचं माहेरचं गाव, चर्चच्या मागचा रस्ता. दोन्ही बाजूंनी दुकानं. मातीच्या मेंढ्या, उंट, पाळण्यातलं बाळ, लाल टोप्या, कढईत साच्याने तळली जाणारी गोड पिठाची फुलं, आणि लाउडस्पीकरवर तेलुगू गाणी. एका दुकानात गव्हाणीचा देखावा मांडला होता, त्यावर बर्फ म्हणून कापूस पसरलेला. आईचं माहेर हिमायतनगरकडचं, लहानपण कापूस वेचण्यात गेलेलं. तिने बर्फाची चिमूट घेतली, बोटांत ओढून पाहिली.

"फरदडीचा हाय," ती म्हणाली. "शेवटच्या वेच्याचा. देवाच्या पोराला तरी पहिल्या वेच्याचा घालावा की."

मी इतकी हसले की दुकानदारीणही काही न समजता हसली.

मग ती तळलेली फुलं. बाई कागदात फुलं घालत होती. दोन पडली तशी आई म्हणाली, "चालू द्या, चालू." बाई थांबली आणि पुडी बांधून मोकळी. आई गोंधळली. पुढे चहावाल्याचं तसंच. तो किटलीतून ओततोय, आई म्हणतेय, "चालू, चालू," आणि कप अर्धा असताना त्याने किटली उचलली.

"हात आखडते लोक हायत," आई म्हणाली.

माझ्या डोक्यात मथळा तयार झाला. ‘सीमेपलीकडे मराठी माणसाला अर्धा कप!’ खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. बाजारात अन्याय सापडला नसता तर दिवसभर करायचं काय?

ताऱ्यांचं दुकान अगदी टोकाला होतं. एक मध्यमवयीन माणूस खळ लावून कागद चिकटवत बसलेला, बायको मागे कामट्या बांधत होती. रंगीत तारे पुष्कळ. पांढरा, शेपटीवाला, एकच. आईने तो दाखवला. माणसाने आत बल्ब सोडला, बटन दाबलं आणि तारा उजळला. आईला तो फिरवून बघायचा होता, कुठे भोक तर नाही ना.

"चालू, चालू!" ती म्हणाली.

माणसाने बंद केला.

"अहो दादा, चालू!"

त्याने लावला, आई वाकली, म्हणाली, "हां, चालू," आणि त्याने परत बंद केला. तिसऱ्यांदा तर बल्बच काढून घेतला.

आता मात्र मी पुढे झाले. आमच्याकडच्या हिंदीत, मोर्च्यातल्या आवाजात. "ऐसा कैसा? ग्राहक को जलाके दिखाना पडता! हमारी माँ तीन बार बोली!"

"अरे, अम्माच बोल रई," तो कळवळून म्हणाला. "चालू चालू बोल रई, इसलिए तो बंद किया मैं!"

"चालू बोली इसलिए बंद किया?"

"हौ!"

"हौ क्या हौ! ये खुल्लमखुल्ला..." असं म्हणत मी हात उगारला, म्हणजे नेहमीसारखा, मुद्द्यावर जोर द्यायला. बोट थेट ताऱ्याच्या खालच्या टोकात गेलं. फर्रर्र.

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी सहा वर्षांची झाले.

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. त्या माणसाची बायको कामट्या टाकून पोट धरून हसत होती. "अवं ताई," ती मराठीत म्हणाली, "मी देगलूरची हाय. इकडं ‘चालु’ म्हंजे ‘बास’! तुमच्या आई सकाळपासून सगळ्यांना बास बास करून राहिल्या असतील."

आईने कपाळावर हात मारला. "म्हणून त्या चहावाल्याने..." आणि तीही खाली बसून हसायला लागली. बायकोने नवऱ्याला तेलुगूत सांगितलं, त्याने शेजारच्या दुकानाला, आणि हसणं रस्त्याने पुढे पुढे गेलं. माझा मथळा तिथेच मेला. त्या माणसाची मी माफी मागितली. मला त्याची सवय नाही, त्यामुळे दोनदा चुकली.

पण तारा फाटलेला होता आणि पांढरा कागद संपलेला. चोवीस तारीख, दुपार झालेली, त्याने रिकामे हात दाखवले. लाल लावू का? आई म्हणाली, "न्हाई. सिस्टरचा पांढराच असतो." ती एकदम थकलेली दिसली. दारात तारा लावल्याशिवाय ती सिस्टरला तोंड दाखवणार नव्हती, हे मला माहीत होतं.

मी पिशवीत हात घातला. स्वस्तातला, पातळ, एका बाजूने कोरा कागद. आमच्या चळवळीला याच्यापेक्षा जाड परवडत नाही.

त्याने पत्रक उजेडाकडे धरलं, बोटाने चाचपलं. "चलता," म्हणाला. छापील बाजू आत घालून त्याने टोक मढवलं. मी कामटी धरून बसले, बायको खळ लावत राहिली आणि आईला देगलूरच्या बातम्या विचारत राहिली. सुकल्यावर जोड ओळखू येईना.

परतीला तारा आईच्या मांडीवर होता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं तिकीट?" आई म्हणाली, "त्याचं वय न्हाई झालं अजून."

गल्लीत पोचलो तेव्हा दिवे लागत होते. मी स्टुलावर चढून तारा टांगला. सिस्टर गुडघे धरत दारात आली, शेपटीला हात लावला. आईने बटन दाबलं.

तारा पेटला. खालच्या टोकात, आरशात दिसावीत तशी उलटी, ठळक काळी अक्षरं उमटली. मी स्टुलावरच थिजले. सिस्टरने चष्मा वर केला, मान तिरकी केली आणि एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचलं: "संडासाची... किल्ली... कुणाकडे?"

गल्लीतली पोरंबाळं, बाया, सगळे खिदळले. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसून की आणखी कशाने, मी विचारलं नाही.

"सिस्टर, उद्या कागद बदलते," मी म्हटलं.

तिने हात वर केला. "चालू," म्हणाली.

आईचा हात बटनावर थबकला. "तुमचं चालू का आमचं?"

सिस्टर ताऱ्याकडे बघत राहिली. "तुमचं गं," ती म्हणाली. आईने बटनावरून हात काढून घेतला.